काम, गाणे आणि चित्ताची एकाग्रता

(विहाराच्या वर्धापनदिनी अभ्यासिकेत दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर. बोललो तसाच, थोडी दुरुस्ती करून, स्मरणिकेसाठी लिहून दिला आहे.)



आम्ही कुणी प्राध्यापक नाही. रात्रशाळेत दहावी केली, बाकीचे शिक्षण याच विहारातल्या कपाटातल्या पुस्तकांवर झाले. त्यात आमच्या दोन्ही कानांनी निम्मी रजा घेतलेली. तरी समितीने गाण्याविषयी बोलायला आम्हालाच उभे केले. याला काय म्हणावे? पण त्यामागे कारण आहे, ते आधी सांगतो.

गेल्या पावसाळ्यात अभ्यासिकेत वाद झाला. काही मुले-मुली कानात इअरफोन घालून अभ्यास करतात. पालकांची तक्रार आली की ही पोरं पुस्तक पुढे ठेवून गाणी ऐकतात, अशाने डोक्यात काय शिरणार? समितीत ठराव आला की अभ्यासिकेत मोबाइल आणि इअरफोन बंद करावेत. तेव्हा बारावीची एक मुलगी उभी राहिली. ती म्हणाली, "काका, आमच्या घरात दहा बाय बाराच्या खोलीत सहा माणसं. टीव्ही चालू, कुकरची शिट्टी चालू, शेजारी भांडण चालू. मी गाणं लावते ते गाण्यासाठी नाही. बाकीचं ऐकू येऊ नये म्हणून लावते. तीच सवय इथं लागली."

सभेत सगळे गप्प झाले. कुणी म्हणाले, बरोबर आहे. कुणी म्हणाले, नाटकं आहेत. शेवटी ठरले की हा विषय नीट समजून घेऊ आणि वर्धापनदिनाला त्यावर बोलणे ठेवू. आम्ही गिरणीत तीस वर्षे आवाजात काढलेला माणूस, म्हणून हे काम आमच्याकडे आले. तर विषय असा : काम करताना गाणे ऐकावे का? त्याने मन कामात लागते की कामातून उठते?

पहिली गोष्ट ही ध्यानात घ्या की काम आणि गाणे यांची सोयरीक जुनी आहे. आपल्या आया-आज्या पहाटे जात्यावर बसायच्या. जाते जड, हात एकटा, पायली-पायलीचे दळण. ओवी नसती तर ते दळण सरले नसते. ओवीचा एक चरण संपतो तिथे जात्याचा फेरा पुरा होतो. म्हणजे गाणे ऐकायला वेगळे आणि काम करायला वेगळे असे नव्हतेच. गाणे कामाच्या मापानेच शिवलेले असायचे. शेतात कापणीला भलरी म्हणत, मोटेवर मोटकरी गात. शरीर एकाच चालीने हलते आहे, मन मात्र मोकळे आहे. त्या मोकळ्या मनाला बसायला जागा पाहिजे. ती जागा म्हणजे गाणे.

हेमा रायरकर आणि गी पॉइटव्हिन यांनी महाराष्ट्राच्या खेड्यापाड्यांतून अशा एक लाखाहून जास्त ओव्या गोळा करून ठेवल्या. त्यात आपल्या बायांनी बाबासाहेबांवर रचलेल्या ओव्या आहेत. विचार करा, या बायांना अक्षर येत नव्हते, सभेत बोलायची सोय नव्हती. पण हात दळणात असताना डोके रिकामे ठेवले नाही. त्या रिकाम्या वेळात त्यांनी बाबासाहेब आणून बसवले. मुक्तीची चळवळ पुष्कळ घरांत पुस्तकाआधी अशी जात्यावरून शिरली.

आता गिरणीकडे येतो. जुन्या काळी आपल्या माणसांना साचेखात्यात घेत नसत. धोटा भरताना धागा तोंडाने ओढून घ्यावा लागे, आणि अस्पृश्याच्या तोंडचा धोटा इतरांना चालत नसे. मजुरी साचेखात्यात जास्त, म्हणून हा अन्याय पोटावरचा होता. १९२८ च्या संपाच्या वेळी बाबासाहेबांनी हा प्रश्न संपाच्या पुढाऱ्यांपुढे ठणकावून मांडला होता. त्यामुळे आमच्या घरातल्या आधीच्या दोन पिढ्या रिंग खात्यातच राहिल्या. आम्हीही १९८९ साली बदली म्हणून लागलो ते रिंग खात्यातच. तोवर ती जुनी अडचण उरली नव्हती, पण ओळख होती तीच खात्याची.

ज्यांनी रिंग खाते पाहिले नाही त्यांच्यासाठी सांगतो. लांबच लांब यंत्र, त्यावर शेकडो चात्या मिनिटाला हजारो फेरे घेतात. धागा तुटला की तो सांधायचा. पुन्हा पुढे जायचे, पुन्हा तुटला, पुन्हा सांधायचा. आठ तास एका यंत्राच्या कडेने जा-ये. हे काम शिकायला महिने लागतात, पण एकदा बोटांना आले की डोक्याला विचारायची गरज पडत नाही. आणि हाच त्यातला धोका. रातपाळीला तीन-साडेतीन वाजता डोळा उघडा आणि माणूस झोपलेला, असे व्हायचे.

तिथे आमचा बचाव गाण्याने केला. खात्यात एवढा आवाज की शेजारच्याच्या कानाला तोंड लावून बोलावे लागे, नाहीतर हाताच्या खुणा. त्यामुळे गाणे कुणाला ऐकू जायचा प्रश्नच नव्हता. आम्ही आमच्यापुरते गुणगुणायचो. बहुतेक वामनदादा कर्डकांची गाणी. वामनदादा आपल्यातलेच, जन्म १५ ऑगस्ट १९२२, सिन्नर तालुक्यातले देशवंडी. मुंबईला मोलमजुरी करता करता मोठेपणी अक्षर शिकले, कारण कुणीतरी पत्र वाचून मागितले आणि त्यांना ते वाचता येईना. पुढे हजारो गाणी लिहिली, १५ मे २००४ ला गेले. त्यांचे गाणे ओठावर असले की चालण्याला ठेका यायचा. पाय ठेक्यात, हात ठेक्यात, डोळा धाग्यावर. पाळी कधी सरली कळायचे नाही आणि तुटलेले धागेही सुटायचे नाहीत.

आता कुणी म्हणेल, मग झाले तर! गाण्याने काम चांगले होते, हा निकाल. थांबा. आमचा डावा हात पाहा. करंगळीचे पहिले पेर नाही. हे इथल्या पुष्कळांना माहीत आहे, पण कसे गेले ते आम्ही फारसे सांगितलेले नाही. आज सांगतो, कारण समोर मुले बसली आहेत.

१९९६ सालची गोष्ट. आमच्या मावसभावाने आखातातून वॉकमन आणून दिला. त्या काळी केवढी ती मिरवण! आम्ही रातपाळीला डोक्याला मफलर बांधून त्याखाली वॉकमन लावू लागलो. पहिल्यांदाच खात्यात गाणे खरोखर ऐकू येत होते. आवाज पूर्ण वाढवलेला, कारण त्याशिवाय यंत्राच्या वर ऐकू येणार कसे? आठ-दहा दिवस स्वर्ग वाटला. मग एका रात्री यंत्र बंद करून आम्ही गिअरच्या बाजूला अडकलेला कापूस काढत होतो. यंत्र चालू करण्याआधी शिट्टी वाजवायची पद्धत होती. पलीकडच्या टोकाला सोबत्याने शिट्टी वाजवली. एकदा, दोनदा. आमचा हात आत आणि कानात कव्वाली रंगात आलेली. त्याने यंत्र चालू केले.

त्या सोबत्याचा दोष नाही, त्याने शिट्टी दिली होती. हात आत असताना यंत्र चालूच होऊ नये अशी सोय हवी होती, ती नव्हती, हेही खरे. पण शिट्टी ऐकली नाही ती आमच्या कानांनी, आणि कान आम्ही आमच्या हाताने बुजवले होते. पेर गेले. सोबत्याने मात्र त्यानंतर कित्येक वर्षे आमच्याशी बोलताना मान वर केली नाही. बोटापेक्षा ते जास्त लागले.

तेव्हा एक गोष्ट कळली. खात्यात आवाज म्हणजे नुसता त्रास नसतो, ती बातमी असते. चातीला तेल कमी पडले की ती किरकिरते. पट्टा सैल झाला की घरघर बदलते. साचेखात्यातले जुने विणकर पाठ वळवून उभे असले तरी साच्याची चाल बिघडली हे कानाने ओळखत. गुणगुणणाऱ्या माणसाचा कान उघडा असतो. गाणे त्याच्या ओठातून बाहेर जाते, आवाज कानातून आत येतो. कानात गाणे कोंबलेल्या माणसाचा दरवाजाच बंद. ओवी म्हणणाऱ्या बाईला पाळण्यातले मूल रडलेले ऐकू येत होते. हा फरक लहान नाही. हा बोटाएवढा आहे.

हा विषय हाती आल्यावर आम्ही थोडे वाचन केले. मौजेची माहिती मिळाली. दुसऱ्या महायुद्धात इंग्लंडमधल्या कारखान्यांत रात्रंदिवस काम चाले. कामगार कंटाळून सुस्त पडू नयेत म्हणून बी.बी.सी.ने जून १९४० पासून खास कामगारांसाठी रेडिओवर रोज गाण्यांचा कार्यक्रम सुरू केला. कारखान्यात कर्णे लावून तो ऐकवत. १९६७ पर्यंत तो चालला. गाणी निवडण्याचे नियम होते : फार संथ नको, आवाज मध्येच चढणारा-उतरणारा नको, म्हणजे यंत्राच्या आवाजात ते गडप होऊ नये. एका अमेरिकन गाण्यात ठरावीक जागी टाळ्या होत्या. तिथे कामगार काम सोडून टाळ्या द्यायचे, कुणी हातातले हत्यार यंत्रावर आपटायचे. म्हणून ते गाणे कार्यक्रमातून काढून टाकले. म्हणजे मालकाला गाणे पाहिजे, पण कामगाराने त्यात रंगलेले नको!

अमेरिकेत तर एका कंपनीने कारखान्यांना आणि कचेऱ्यांना संगीत पुरवण्याचा धंदाच काढला. पाव तास संगीत, त्याची चाल हळूहळू चढत जाणारी, मग पाव तास शांतता. माणूस पेंगायच्या बेताला आला की चढती चाल. म्हणजे यंत्राला तेल तसे माणसाला संगीत.

याच्या उलट क्यूबाची गोष्ट ऐका. तिथे सिगार वळण्याचे कारखाने. हातांनी पान वळायचे, बसून, गुपचूप. १८६५ पासून हवाना शहरातल्या कारखान्यांत कामगारांनी एक माणूस ठेवला, जो उंच जागी बसून त्यांना मोठ्याने वर्तमानपत्र आणि कादंबऱ्या वाचून दाखवी. त्याचा पगार कामगार आपल्या मजुरीतून वर्गणी काढून देत. काय वाचायचे तेही कामगार ठरवत. निरक्षर माणसे दिवसभर पान वळता वळता शहाणी झाली. म्हणून सरकारने पुढे मध्येच त्यावर बंदीही घातली होती.

बंधू-भगिनींनो, दोन्हीकडे हात कामात आणि कान मोकळा. पण एकीकडे तो कान मालकाने उत्पादनासाठी वापरला, दुसरीकडे कामगाराने स्वतःच्या उन्नतीसाठी वापरला. आपल्या जात्यावरच्या बाया या दुसऱ्या रांगेतल्या. म्हणून गाणे ऐकताना एवढे विचारा : हे गाणे माझ्या कानात कुणी घातले आणि कशासाठी? आज मोबाइल एक गाणे संपायच्या आत दुसरे आपणहून लावतो. मधे जाहिरात येते. तो ठरवतो, आपण ऐकतो. तोही एक मुकादमच की!

आता विद्यार्थ्यांचे काम. इथे आमच्या गिरणीचा अनुभव जसाच्या तसा लागू होत नाही. धागा सांधणे बोटांचे काम होते. वाचणे हे डोक्याचे काम आहे, आणि डोक्याच्या आत जो वाचतो ना, तो शब्दच वाचतो. कानातही शब्दच आले तर दोन माणसे एकाच दारातून शिरायला बघतात. आम्ही स्वतः प्रयोग करून पाहिला. 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' घेतला, शेजारी रेडिओ लावला. गाणे आवडते, तोंडपाठ. एक पान तीनदा वाचले. पुस्तक मिटून आठवू लागलो तर गाण्याचे कडवे आठवले, पानावरचे काहीच नाही! रेडिओ बंद करून तेच पान एकदा वाचले, तर मुलांना समजावून सांगता आले.

हे आमचेच मत नाही. १९८९ साली सालामे आणि बॅडली या संशोधकांनी आकडे लक्षात ठेवण्याच्या कामावर प्रयोग केले. शब्द असलेल्या गाण्याने स्मरण जास्त बिघडते, नुसत्या वाद्याने कमी, असे त्यांना दिसले. गंमत अशी की ऐकणाऱ्याला वाटते आपला अभ्यास छान चालला आहे. मन प्रसन्न असते ना! पण प्रसन्नता आणि एकाग्रता या दोन वेगळ्या बहिणी आहेत. एक घरात आली म्हणजे दुसरी आलीच असे नाही.

मग अभ्यासात गाणे पूर्ण वर्ज्य का? तसेही नाही. अभ्यासातही बोटांची कामे असतात. वही उतरवणे, आकृत्या काढणे, समास आखणे, येत असलेली गणिते पुन्हा पुन्हा सोडवणे. तिथे मंद वाद्यसंगीत असले तर बिघडत नाही, उलट बैठक टिकते. नवा धडा, अवघड उतारा, पाठांतर, निबंध, इथे नको. आणि बसण्यापूर्वी एखादे आवडते गाणे ऐकून मग बसले तर उत्तम. बाबासाहेबांचेच पाहा. लंडनला ब्रिटिश म्युझियमच्या ग्रंथालयात दिवसदिवस बसून वाचणारा हा महामानव उतारवयात व्हायोलिन शिकत होता. म्हणजे संगीताचे त्यांना वावडे नव्हते. पण वाचनाच्या वेळी वाचन, व्हायोलिनच्या वेळी व्हायोलिन. दोघांचाही मान राखला.

आता धम्माकडे वळू, कारण आपण विहारात बसलो आहोत. काही उपासक म्हणतात, अष्टशीलात सातवे शील नृत्य, गीत, वाद्य यांपासून दूर राहण्याचे आहे, मग गाण्याची चर्चा विहारात कशाला? शील बरोबर आहे. उपोसथाच्या दिवशी ते पाळावे. पण रोजच्या पंचशीलात गाण्याला मनाई नाही. दीघ निकायातल्या सक्कपञ्ह सुत्तात पंचशिख नावाचा गंधर्व भगवंतांपुढे वीणा वाजवून गातो. भगवान त्याला हाकलत नाहीत. तुझ्या वीणेच्या तारा आणि तुझा गळा यांचा मेळ छान जमला आहे, अशा अर्थाचे कौतुक करतात.

आणि सोणाची गोष्ट तर याच विषयासाठी सांगितली असावी असे आम्हाला वाटते. सोण हा श्रीमंताचा मुलगा, भिक्खू झाला. चंक्रमण करून करून त्याच्या पायांतून रक्त आले, तरी चित्त मुक्त होईना. निराश होऊन घरी परत जावे असा विचार त्याच्या मनात आला. भगवान त्याच्याकडे गेले आणि विचारले, घरी असताना तू वीणा वाजवीत होतास ना? तार फार ताणली तर सूर लागतो का? फार सैल सोडली तर लागतो का? सोण म्हणाला, नाही, तार बेताची असली तरच सूर लागतो. भगवान म्हणाले, प्रयत्नाचेही तसेच आहे. अंगुत्तर निकायात हे सुत्त आहे.

आम्ही गिरणीत तीस वर्षांत जे शिकलो ते या गोष्टीत आहे. रातपाळीला मनाची तार सैल पडते. तिथे गुणगुणणे ही तार जरा ओढून धरते. अवघड धडा वाचताना तार आधीच ताणलेली असते. तिथे वरून गाणे टाकले की ती तुटते. म्हणून गाणे चांगले की वाईट, हा प्रश्नच चुकीचा. या घडीला माझी तार कशी आहे, सैल की ताणलेली, हे ओळखणे म्हणजे सति, म्हणजे जागृती. ज्याला हे ओळखता येते त्याला समितीच्या ठरावाची गरज नाही.

आता कानांविषयी थोडे, कारण ते गेल्यावर परत येत नाहीत. गिरणीत ८ तासांच्या पाळीला ९० डेसिबल ही आवाजाची मर्यादा नियमात धरलेली होती. डेसिबलचा हिशोब साधा नाही. १० ने आकडा वाढला की आवाजाची ताकद दहापट होते. साचेखात्यात तर ९० च्याही वर आवाज जाई. आवाजामुळे येणारे बहिरेपण कारखाने कायद्याच्या परिशिष्टात कामाच्या रोगांत नोंदवलेले होते. पण किती कामगारांनी कान तपासून घेतले? बहिरेपण हळूहळू येते, दुखत नाही, रक्त येत नाही. आधी बारीक आवाज जातात. चिमणी जाते, दाराची घंटा जाते. मग स, श, फ ही अक्षरे जातात. माणूस बोलतोय हे कळते, काय बोलतोय हे कळत नाही. आम्ही वामनदादांची गाणी आज ऐकतो तेव्हा अर्धी कानाने ऐकतो, अर्धी आठवणीने भरून काढतो. आमची नात फोनवर बोलते. तिचा आवाज कसा आहे हे आम्हाला घरच्यांनी सांगावे लागते.

आमचे कान पोटासाठी गेले. तुमचे का जावेत? जागतिक आरोग्य संघटना सांगते की इअरफोनवर ८० डेसिबल आवाज आठवड्याला ४० तासांपर्यंत ठीक. ९० वर गेला तर आठवड्याला फक्त ४ तास. जो आवाज आम्ही रोज ८ तास सोसला तो तुम्ही हौसेने ऐकू नका. सोपी खूण सांगतो : कानात लावले असताना हातभर अंतरावरचा माणूस साध्या आवाजात बोललेले कळत नसेल, तर आवाज कमी करा. आणि रस्ता ओलांडताना, रुळाजवळ, यंत्राजवळ, दुचाकीवर कानात काही नको. करंगळी दाखवून सांगतोय.

आता एक कडू बोलतो. मुलांना उपदेश केला, तो थोरांनाही लागू आहे. जयंतीला आपण डी.जे. लावतो. २००० सालच्या नियमाप्रमाणे वस्तीत दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा आहे, रात्री १० ते सकाळी ६ कर्णा बंद. आपल्या कर्ण्यापुढे उभे राहिले तर छाती हादरते. एप्रिलमध्ये कितीतरी मुलांच्या परीक्षा असतात. रातपाळी करून आलेली नर्स बाई दिवसा झोपलेली असते. आपले गाणे त्यांच्या कामावर पडते. ज्या बाबासाहेबांनी वाचा म्हणून सांगितले त्यांच्याच नावाने आपण वाचणाऱ्याची एकाग्रता मोडतो. दुसरे सण करतात म्हणून आपणही, हे उत्तर धम्माचे नाही. आमची विनंती आहे, यंदा शाहिरांना बोलवा, ढोलकी-पेटीवर गाणी म्हणा, शब्द कळू द्या. आपली गाणी शब्दांसाठी आहेत. शब्दच ऐकू आले नाहीत तर उरले काय?

शेवटी त्या बारावीच्या मुलीच्या प्रश्नाकडे येतो. आम्ही खूप विचार केला आणि तिचे म्हणणे आम्हाला पटले. ती गाणे ऐकत नव्हती, ती भिंत बांधत होती. ज्याच्या घरात स्वतंत्र खोली आहे त्याला शांतता फुकट मिळते. आपल्या मुलांना ती कानात गाणे भरून विकत घ्यावी लागते, आणि त्याची किंमत ती अभ्यासात मोजतात. हा दोष त्या मुलीचा नाही. घरात जागा नाही, तर विहाराने जागा दिली पाहिजे. बाहेर शांतता नाही, तर विहाराने शांतता दिली पाहिजे. इअरफोन काढून घ्यायचा ठराव सोपा आहे. शांतता देण्याचा ठराव कठीण आहे. तो आधी करा.

म्हणून आमच्या सूचना अशा. एक, रोज संध्याकाळी ७ ते १० विहाराचा कर्णा बंद, आणि भोवतालच्या घरांनी त्या वेळात टीव्हीचा आवाज खाली ठेवावा. हे महिला मंडळ घरोघर जाऊन सांगेल तर लवकर होईल. दोन, वाचनाच्या खोलीत गाणे नको. पण ज्यांना गोंगाटाचा त्रास होतो त्यांच्यासाठी कानात घालायचे स्पंजचे बोळे समितीने आणून ठेवावेत, ते स्वस्त मिळतात. तीन, मागच्या खोलीत उतरवण्याचे, आकृत्यांचे काम करणाऱ्यांना मंद वाद्यसंगीत ऐकायची मुभा असावी. चार, दर शनिवारी अभ्यास संपल्यावर अर्धा तास सर्वांनी मिळून आपली गाणी म्हणावीत. कानात घालून एकेकट्याने ऐकण्यापेक्षा तोंडाने एकत्र म्हणणे केव्हाही चांगले. त्यात कान उघडे राहतात आणि शेजारचाही ऐकू येतो.

गिरणी २०२० च्या टाळेबंदीत थांबली ती थांबलीच. आता रात्री झोपताना आमच्या कानात एक बारीक शिट्टी वाजत असते. डॉक्टर म्हणतात ती बाहेर नाही, आतच आहे, आणि जाणार नाही. त्या रात्री ऐकली नाही ती शिट्टी आता रोज ऐकतो. तुमच्या कानांना ती कधी ऐकावी लागू नये, एवढ्याचसाठी बोललो.



नमो बुद्धाय. जय भीम.